'एंडर्स गेम' : पोरं आणि पालक सारखे विचारतात ते प्रश्न

आमच्या शनिवारच्या वाचनगटात आठवीपासून बारावीपर्यंतची पोरं येतात. ऑर्सन स्कॉट कार्ड यांची 'एंडर्स गेम' ही कादंबरी गटात इतक्यांदा फिरली आहे की प्रतीची पाठ आता निम्मी चिकटपट्टीचीच आहे. पोरांचे प्रश्न वेगळे असतात, त्यांच्या आईबाबांचे वेगळे. दोन्ही इथं एकत्र टाकलेत. शेवटाबद्दलचे प्रश्न मागे ठेवून मध्ये पाटी लावली आहे. पुस्तक वाचलं नसेल तर पाटीपाशी थांबा, खरंच थांबा. शेवट आधीच कळला की हे पुस्तक निम्मं हातातून गेलं म्हणून समजा.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

मुंग्यांसारख्या एका परग्रहावरच्या जमातीनं माणसावर दोनदा हल्ला केला आहे. दुसऱ्या वेळी माणूस कसाबसा वाचला. आता तिसरं युद्ध होणार या धास्तीनं पृथ्वीवरचं लष्कर हुशार मुलं वेचून अंतराळातल्या 'बॅटल स्कूल'मध्ये नेतं आणि तिथं त्यांना सेनापती बनवायला घेतं. अँड्र्यू विगिन हा त्यातलाच एक. बहिणीला लहानपणी 'अँड्र्यू' म्हणता येत नव्हतं, म्हणून तो 'एंडर' झाला. इंग्रजीत या नावाला 'संपवणारा' असाही वास येतो, तो लेखकानं मुद्दाम ठेवलाय.

एंडर किती वर्षांचा आहे? सिनेमात तर चांगला मोठा दिसतो.

पुस्तक सुरू होतं तेव्हा ६ वर्षांचा. शेवटच्या लढाईपर्यंत जेमतेम ११. २०१३च्या सिनेमात एसा बटरफील्डनं हे काम केलं तेव्हा तो १४-१५ वर्षांचा होता, आणि पुस्तकातली कित्येक वर्षं सिनेमात वर्षभरात उरकली आहेत. त्यामुळे सिनेमा बघून आलेल्यांच्या डोक्यात 'टीनएजर सैनिक' बसलेला असतो. पुस्तक वाचताना मधूनमधून स्वतःला आठवण करून द्यावी लागते, की ज्याचे दुधाचे दात पडतायत त्या वयाचं पोर आहे हे. बोलतात मात्र ही मुलं तिशीतल्या माणसांसारखी. काहींना ते खटकतं, मलाही पहिल्यांदा खटकलं होतं. लेखकाचं म्हणणं असं, की हुशार मुलांना आपण मूल आहोत असं आतून कधी वाटतच नाही. आमच्या गटातल्या पोरांना हे लगेच पटतं, पालकांना पटत नाही.

कितव्या वर्षी द्यावं?

माझा अंदाज तेरा-चौदा. लैंगिक प्रसंग नाहीत, पण मारामारी आहे आणि ती गमतीची नाही. पहिल्याच प्रकरणात शाळेतल्या एका दांडगटाला एंडर जमिनीवर पाडतो आणि तो पडल्यावरही मारत राहतो. पुढे आंघोळीच्या जागी एक मारामारी होते, ती त्याहून वाईट. शिव्या बहुतेक पादण्याबिदण्याच्या पातळीवरच्या, म्हणजे आपल्या पोरांना ऐकून माहीत नसलेलं त्यात काही नाही.

मुळात ही कादंबरी किशोरांसाठी लिहिलेलीच नव्हती. १९८५मध्ये 'टॉर' या प्रकाशनानं ती मोठ्यांची विज्ञानकथा म्हणून काढली. पोरांनी ती आपली करून घेतली. पुढे २००८मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथपालांचा किशोर साहित्यासाठीचा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार कार्ड यांना मिळाला, त्यात हे पुस्तक होतं.

मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी झेपेल?

झेपेल. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, प्रकरणं फक्त १५. अडखळायला होतं ते प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी. तिथं दोन मोठी माणसं बोलत असतात, कोण बोलतंय ते सांगितलेलं नसतं, आणि बोलणं असतं एंडरबद्दल. पोरं हा भाग उडवून पुढे पळतात. उडवू देऊ नका. आपल्या पाठीमागे आईबाबा आपल्याबद्दल काय बोलतात हे दाराआडून ऐकल्यासारखा तो भाग आहे, आणि पुस्तकाची खरी नाडी तिथंच आहे.

एंडरला सगळे 'थर्ड' म्हणून का चिडवतात?

त्या जगात दोनच मुलांची परवानगी आहे, तिसरं म्हणजे लाज. 'हम दो, हमारे दो'चे फलक बघत वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात तर ठरावीक तारखेनंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूकही लढवता येत नाही. एंडरच्या बाबतीत सरकारनंच तिसऱ्याला परवानगी दिली. थोरला पीटर फार क्रूर निघाला, मधली व्हॅलेंटाइन फार मवाळ. या दोघांच्या मधलं काहीतरी हवं म्हणून हा मागवला. जन्माआधीच त्याच्यावर लष्कराचा हक्क होता असं म्हणायला हरकत नाही.

बॅटल रूममधला खेळ डोक्यात शिरत नाही.

कागद घ्या. एक मोठी बंद खोली काढा. तिच्यात वजन नावाची गोष्ट नाही, म्हणजे वर-खाली असं काही नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींत एकेक दार. मध्ये खोक्यांसारखे अडथळे तरंगतायत, त्यांना 'स्टार' म्हणतात. प्रत्येक संघात एक सेनापती आणि ४० सैनिक. हातात प्रकाशाची बंदूक, अंगात असा सूट की किरण लागला की तेवढा भाग ताठ होतो. पायाला लागला तर पाय आखडले, छातीवर बसला तर अख्खा माणूस गोठला आणि ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेनं तरंगत राहिला. चौघांनी शत्रूच्या दाराच्या चार कोपऱ्यांना हेल्मेट टेकवायची आणि पाचव्यानं दारातून आत जायचं, की डाव जिंकला.

आता एंडरची युक्ती. बाकीची पोरं खोलीत शिरतात ती बाहेरच्या कॉरिडॉरमधलं 'वर' आणि 'खाली' डोक्यात घेऊनच. सरळ उभी राहून समोर बघत झेपावतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अख्खं अंग शत्रूसमोर. एंडर ठरवतो की शत्रूचं दार 'खाली' आहे. म्हणजे आपण त्याच्याकडे पडतोय, पाय पुढे, डोकं मागे. गुडघे दुमडून घेतले की समोरच्याला दिसतात फक्त तळवे आणि नडग्या. त्या गोठल्या तरी बिघडत नाही, उलट त्यांचीच ढाल होते आणि दोन गुडघ्यांमधून गोळ्या झाडता येतात.

आमच्याकडे एकानं हे जिन्याच्या कठड्यावर उलटं लटकून करून दाखवलं. त्याच्या आईनं मला फोन केला. तेव्हापासून आम्ही कागदच वापरतो.

सैन्याची रचनाही बघण्यासारखी आहे. बाकीचे सेनापती चाळीस जणांच्या चार तुकड्या करतात, दहा-दहाच्या. एंडर पाच करतो, आठ-आठच्या, आणि तुकडीप्रमुखांना आपापल्या डोक्यानं निर्णय घ्यायला लावतो. अमेरिकेच्या मरीन कोअरनं आपल्या वाचनयादीत हे पुस्तक ठेवलं होतं ते उगाच नाही.

ही कल्पना सुचली कुठून?

कार्ड यांचा जन्म १९५१चा. सोळा वर्षांचे असताना त्यांनी आयझॅक असिमॉव्ह यांची 'फाउंडेशन' वाचली आणि आपणही भविष्याबद्दल काही लिहावं असं त्यांना वाटलं. थोरला भाऊ तेव्हा लष्करात होता. अंतराळात लढायचं तर सैनिकांना शिकवायचं कसं, हा प्रश्न डोक्यात फिरत होता. पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांबद्दल त्यांनी वाचलं होतं, की जमिनीवरच्या माणसाला डावी-उजवीकडेच बघायची सवय असते, वर-खालूनही शत्रू येतो हे मुद्दाम शिकवावं लागतं. त्यातून बॅटल रूम निघाली. गोष्ट मात्र वर्षानुवर्षं निघाली नाही. 'अ‍ॅनालॉग' मासिकाच्या ऑगस्ट १९७७च्या अंकात ती लघुकथा म्हणून आली आणि १९८५मध्ये कादंबरी झाली. कादंबरीला नेब्युला आणि ह्युगो हे विज्ञानकथेतले दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागालाही दोन्ही मिळाले. असं लागोपाठ त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

यातलं विज्ञान खरं आहे का?

निम्मं. प्रकाशाच्या जवळपासच्या वेगानं प्रवास केला की प्रवाशाचं वय सावकाश वाढतं, हे खरं भौतिकशास्त्र आहे. पुस्तकात एका जुन्या सेनापतीला असंच फिरवून आणून जिवंत ठेवलंय. 'अ‍ॅन्सिबल' हे क्षणार्धात कुठंही निरोप पोचवणारं यंत्र मात्र काल्पनिक. हा शब्द उर्सुला ले ग्विन यांनी १९६६मध्ये घडवला, कार्ड यांनी उसना घेतला, आणि पुस्तकात तशी मोकळी कबुलीही आहे.

पीटर आणि व्हॅलेंटाइनचं प्रकरण कंटाळवाणं आहे. सोडू का?

सोडू नकोस बाळा, एकच तर आहे. दोन पोरं घरात बसून टोपणनावानं नेटवर राजकीय लेख लिहितात आणि जगभरची माणसं त्यांना थोर विचारवंत समजतात. वर्ल्ड वाइड वेब यायच्या काही वर्षं आधी लिहिलंय हे! लेखकाचा अंदाज चुकला तो एवढाच, की नेटवर मुद्देसूद लिहिणाऱ्याला लोक डोक्यावर घेतील. आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांनी पाहिला असता तर हे प्रकरण लिहिलंच नसतं.

मुली कुठे आहेत?

हा प्रश्न दर वर्षी एखादी मुलगी विचारतेच, आणि तिचं बरोबर आहे. बॅटल स्कूलमध्ये नाव घेण्याजोगी मुलगी एकच, पेट्रा. आर्मेनियाची, अचूक नेमबाज, आणि एंडरला पहिल्यांदा नीट शिकवते ती हीच. इतक्या थोड्या मुली का, याला बॅटल स्कूल चालवणारा कर्नल ग्राफ उत्क्रांतीचं कारण देतो. ते कारण तेव्हाही लंगडं होतं. शिवाय शेवटी शेवटी थकून कोसळायला लेखकाला पेट्राच सापडते. पुढच्या मालिकेत तिला बरीच जागा दिली आहे, पण या पुस्तकातला राग राहतोच.

सिनेमा आधी बघू की पुस्तक आधी?

पुस्तक. गॅव्हिन हूडच्या सिनेमात बॅटल रूम देखणी आहे, हॅरिसन फोर्ड ग्राफ म्हणून ठीक, बेन किंग्सलेच्या तोंडावर माओरी गोंदण आहे. पण भावा-बहिणीचं राजकारण जवळजवळ गायब, आणि वर्षानुवर्षं एकटं पडत जाणं दोन तासांत दिसत नाही.

— पाटी : इथून पुढे शेवट उघड होतो —

काकू, शेवटी नक्की झालं काय?

एंडरला दूरच्या एका लघुग्रहावर, एरॉसवर, नेतात. तिथं तो पडद्यासमोर बसून आरमार चालवायचा सराव करतो. त्याची बॅटल स्कूलमधली दोस्त मंडळी कानात बोलतात, तो हुकूम देतो. म्हातारा माझर रॅकहॅम, म्हणजे तो फिरवून आणून जिवंत ठेवलेला जुना सेनापती, त्याला सांगतो, की आता या सरावात तुझ्यासमोर शत्रू म्हणून मी असेन. लढाया रोज अवघड होत जातात. एंडरला झोप येत नाही, झोपेत तो स्वतःचाच हात चावतो.

मग येते 'अंतिम परीक्षा'. मागे बडे अधिकारी बघत बसलेत. समोर एक ग्रह, त्याभोवती शत्रूच्या जहाजांचं मोहोळ, आणि याच्याकडे मूठभर जहाजं. एंडरला वाटतं, ही परीक्षाच अन्यायाची आहे. आपण असा काही नियम मोडू की हे लोक आपल्याला पुन्हा कधीच सेनापती करणार नाहीत. म्हणून तो सगळ्यात भयंकर अस्त्र थेट ग्रहावर सोडतो. ग्रह नाहीसा होतो.

वळून बघतो तर मागची माणसं रडतायत, मिठ्या मारतायत. कुणी प्रार्थना करतंय. आणि माझर सांगतो, की मी तुझा शत्रू झाल्यापासून एकही खेळ नव्हता. जहाजं खरी होती, दशकांपूर्वी निघालेली. अ‍ॅन्सिबलवरून तुझे हुकूम खऱ्या माणसांपर्यंत पोचत होते आणि ती मरत होती. शत्रूची अख्खी जात तू संपवलीस.

दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा या प्रकरणातल्या मोठ्या माणसांकडे लक्ष ठेवा. ती प्रत्येक वाक्य तोलून बोलतात. माझर 'सराव' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलतोय, हे आता आपल्याला माहीत असतं आणि पोराला नसतं.

मग एंडर दोषी की निर्दोष?

आमच्या गटात यावर एकदा रात्री साडेनऊपर्यंत भांडण चाललं होतं.

कुणीतरी अभिमन्यूचं नाव घेतंच. सोळा वर्षांचा पोरगा, अर्धवट शिक्षण, मोठ्यांचं युद्ध. मला ते साम्य वरवरचं वाटतं. अभिमन्यूला आपण युद्धात उभे आहोत हे माहीत होतं. चक्रव्यूहातून बाहेर पडता येत नाही हेही माहीत होतं, आणि ते त्यानं धर्मराजाला सांगितलं होतं. जायचं की नाही, हे तो 'हो' म्हणून गेला. एंडरकडून ते 'हो' घेतलंच नाही. त्याला वाटत होतं आपण गृहपाठ करतोय.

असं का केलं, याचं कारण पुस्तकात उघड सांगितलंय आणि ते अंगावर येतं. शत्रू जिंकायचा तर त्याला आतून ओळखणारा सेनापती हवा. जो इतकं आतून ओळखतो त्याला शत्रूबद्दल माया वाटू लागते. माया असलेला माणूस अख्खी जात मारणार नाही. म्हणून मायाळू पोर शोधायचं आणि त्याला काय चाललंय ते सांगायचं नाही. म्हणजे क्रूर पीटरला नाकारून एंडरला निवडलं ते तो चांगला आहे म्हणून, आणि वापरला तो त्याचा चांगुलपणाच. मी या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा येते ती या एका गोष्टीसाठी. लहान मुलाच्या हातात बंदूक दिल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. इथं बंदूक दिली आणि खेळणं म्हणून सांगितलं.

आणि हे एकदाच नाही झालं. पहिल्या प्रकरणातला तो शाळेतला दांडगट आणि आंघोळीच्या जागेतला बोंझो, दोघंही त्या मारानं मेले होते. एंडरला ते कळूच दिलं नाही. शिक्षक बघत होते, मध्ये पडले नाहीत, कारण 'आपल्या मदतीला कुणीही येणार नाही' हे त्याच्या हाडात मुरायला हवं होतं.

उलट बाजूही ऐका. समीक्षक जॉन केसल यांनी २००४मध्ये एक कडक निबंध लिहिला. त्यांचा आक्षेप असा, की लेखकानं सगळे फासे आधीच असे टाकलेत की नायक कितीही मारो, हेतू शुद्ध म्हणून तो निर्दोषच ठरावा. हे खोडून काढणं सोपं नाही. आमच्यातली एक अकरावीची मुलगी म्हणाली, "काकू, मी रागावून कुणाला मारलं तर आई विचारते का, हेतू काय होता?" मला उत्तर सुचलं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर एंडर स्वतःला माफ करत नाही, इथं मला पुस्तक सच्चं वाटतं. शत्रूच्या शेवटच्या राणीचा कोष त्याला सापडतो, तिची बाजू तो लिहून काढतो आणि तिला रुजवायला जागा शोधत आयुष्यभर हिंडतो.

शत्रूला 'बगर' म्हणायचं की 'फॉर्मिक'?

मूळ पुस्तकात 'बगर', किड्यांवरून. इंग्लंडमध्ये तो शब्द घाणेरडा. पुढच्या पुस्तकांत आणि सिनेमात 'फॉर्मिक' आला, लॅटिनमधल्या मुंगीवरून.

मुलगा सैनिकी शाळेच्या परीक्षेची तयारी करतोय. वाचून घाबरेल का?

नाही घाबरणार, पण गफलत होऊ देऊ नका. साताऱ्याची सैनिक स्कूल, १९६१ साली सुरू झालेली, ही शाळा आहे. पोरं तिथं शिकतात, पळतात, सुट्टीत घरी येऊन आईच्या हातचं खातात. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये साडेसोळाच्या खाली घेत नाहीत आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं प्रशिक्षण असतं. लहान मुलांना प्रत्यक्ष लढायला लावण्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा २०००चा करार आहे, २००२पासून लागू झालेला. तो करावा लागला याचा अर्थ जगात हे घडतं. मुलानं विचारलं तर लपवू नका.

पुढचे भाग कोणत्या क्रमानं वाचू?

दोन वाटा आहेत. वय चौदा-पंधरा असेल तर 'एंडर्स शॅडो' (१९९९) घ्या. तीच गोष्ट, पण बीन नावाच्या बारक्या, जास्त चलाख पोराच्या डोळ्यांनी. शेवट माहीत असूनही पुन्हा धडधड होते. 'स्पीकर फॉर द डेड' (१९८६) कॉलेजात गेल्यावर. ती तीन हजार वर्षांनंतरची गोष्ट आहे, पोर्तुगीज बोलणाऱ्या एका वसाहतीतली. कार्ड तरुणपणी ब्राझीलमध्ये धर्मप्रचारक होते, त्याची ती कमाई. गंमत म्हणजे त्यांना आधी हीच लिहायची होती. 'एंडर्स गेम'ची कादंबरी केली ती हिची पायाभरणी म्हणून. त्यापुढचे 'झेनोसाइड' वगैरे तत्त्वज्ञानात बुडतात, मी मधेच सोडले.

यात भारत कुठे येतो का?

शॅडो मालिकेत बराच. 'शॅडो ऑफ द हेजेमन' (२००१)मध्ये पेट्राला पळवून हैदराबादला ठेवतात, आणि तिथं बॅटल स्कूलमधून आलेली विरलोमी ही भारतीय मुलगी आहे. नंतर भारत चीनच्या ताब्यात जातो आणि विरलोमी खेड्यापाड्यांतून एक साधी गोष्ट सुरू करते: येता-जाता प्रत्येकानं रस्त्यावर एक दगड ठेवायचा. त्या दगडांची भिंत होते. ही कल्पना मला फार आवडली, आपल्याकडे खिंडीत येता-जाता दगड ठेवायची रीत असतेच. पुढे मात्र लोक तिला देवी मानायला लागतात आणि तीही मानायला लागते, तिथं लेखकाचा भारत पोस्टकार्डावरचा वाटतो. विरलोमी हे कुठल्या प्रांतातलं नाव, यावर आमच्यात एकमत झालेलं नाही.

लेखकावरून वाद झाला होता म्हणे?

झाला होता. समलिंगी विवाहाला कार्ड यांचा उघड विरोध होता आणि त्या विरोधासाठीच्या एका संघटनेच्या मंडळावर ते २०१३पर्यंत होते. म्हणून सिनेमावर बहिष्काराची हाक दिली गेली. गटातल्या दोघांनी हे कळल्यावर पुस्तक परत केलं. मी त्यांना समजवायला गेले नाही. बाकीच्यांनी वाचलं, आणि शत्रूलाही समजून घ्यायला सांगणारा माणूस शेजाऱ्याच्या बाबतीत असा कसा, यावर एक अख्खा शनिवार गेला.

तुमची प्रत वाचायला मिळेल?

मिळेल, तीन आठवड्यांसाठी. बाराव्या प्रकरणाची पानं सुटी झाली आहेत, नेताना मोजून घ्या. शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं 'त्याला सांगायला हवं होतं' असं लिहिलंय. ते खोडू नका.